मागेल त्यालाच फॉर्म

४ फेब्रुवारी २००६, न्यू जर्सी

मामा,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तुम्ही म्हणाल, आधी वाकून दाखव. म्हणून नुसता नमस्कार. ई-मेलला तुम्ही हात लावत नाही आणि फोनवर पहिली पंधरा मिनिटं प्रतिमामामींची असतात, म्हणून हा कागद.

बातमी अशी की मला तुमच्याच गावात पाठवलंय. पार्सिपनीच्या पलीकडे, जिथे तुम्ही अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवलंत आणि जिथून राजसदादा तुम्हाला व्हर्जिनियात हर्नडनला घेऊन गेला. शाळाही तो शिकला तीच.

आईला अजून वाटतं की स्टेट कॉलेजला संख्याशास्त्र शिकून मी शाळेत बाई झाले. तसं नाही. आमची संस्था मुख्याध्यापकांना कोच देते. आठवड्यातले तीन दिवस मी मुख्याध्यापिका मिसेस डॉब्सन यांच्या मागे सावलीसारखी फिरते. त्या कुणाशी काय बोलल्या ते शब्दाला शब्द लिहून घेते आणि शाळा सुटल्यावर तो कागद त्यांच्यापुढे ठेवून प्रश्न विचारते. सल्ला द्यायचा नाही, हा नियम. शाळेत गोऱ्या, काळ्या, आपल्या, सगळ्या मुलांना सारखं मिळतंय का, हे त्यांचं त्यांना दिसावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

एक गोष्ट दिसली आहे. सातवीत जानेवारीत गणिताची परीक्षा होते. ऐंशीच्या वर मार्क आणि शिक्षकाची शिफारस, दोन्ही असेल तर आठवीत अल्जिब्रा. आठवीत अल्जिब्रा मिळाला की बारावीत कॅल्क्युलस, आणि पुढे चांगल्या कॉलेजांची दारं. यंदा ऐंशीच्या वर मार्क असून शिफारस न मिळालेली एकोणीस मुलं आहेत. सतरा काळी, दोन एल साल्वादोरची. ३१ मेला यादी पक्की होईल. त्याआधी ही एकोणीस त्या यादीत यायला हवीत. बाकी काही झालं नाही तरी चालेल.

गाव तुम्ही आतून ओळखता. सांगा, कुठे कान लावू?

तुमची
चैत्राली


१२ फेब्रुवारी २००६, हर्नडन

चैतू,

पत्र पोचलं. मामी विचारते, पगार देतात ना? कोच म्हटल्यावर मला वाटलं गळ्यात शिट्टी घालून बाईला मैदानाला फेऱ्या मारायला लावतेस. मुख्याध्यापिकेला शिकवायला आपल्या साताऱ्याची पोरगी! तुझ्या आईला कळव, तिला शेजारणींना सांगायला विषय होईल.

आता कामाचं. मी आयटीआय शिकलेला माणूस. गाडी दारात यायच्या आधी मला कळायचं की गिअरबॉक्स गेलाय की नुसतं तेल कमी आहे. बॉनेट उघडणारे पुष्कळ असतात, आधी ऐकावं लागतं. तू त्या बाईच्या खोलीत बसू नकोस. बाहेरच्या ऑफिसात बस, सेक्रेटरीच्या टेबलापाशी. कोण आल्यावर ती "काय हवंय?" म्हणते आणि कोण आल्यावर "बसा ना" म्हणते, ते ऐक. अख्खी शाळा तिथे ऐकू येते.

आणि त्या शिफारशीचं फार मनावर घेऊ नकोस. त्याला तोड आहे. शाळेत एक गुलाबी फॉर्म असतो. पालकाने सही केली की शिफारस नसो, मार्क कमी असोत, मुलाला वर्गात घ्यावंच लागतं. फक्त तो फॉर्म मागावा लागतो. ते आपण होऊन सांगत नाहीत. मला कसा कळला ऐक. १९८५ साल. एक डॉक्टर गाडीची वाट बघत दुसऱ्याला म्हणाला, "फॉर्म माग. ते नाही म्हणतील, पुन्हा माग." मी गाडीखाली होतो. दुसऱ्या दिवशी हात धुऊन शाळेत हजर. राजसचं काम झालं.

पण मी एकट्यापुरतं ठेवलं नाही हां. शंभर कॉपी काढल्या. त्या संक्रांतीला मामीने हळदीकुंकवाचं वाण म्हणून काय दिलं असेल? प्लास्टिकच्या डब्या नाहीत, कुंकवाचे करंडे नाहीत. तिळगुळाच्या पुडीबरोबर एकेक फॉर्म! बायका हसल्या, पण घरी नेऊन नवऱ्यांच्या सह्या घेतल्या. तेव्हापासून दर संक्रांतीला मराठी मंडळात फॉर्म वाटतात. आपली किती मुलं इंजिनिअर झाली त्याच्यावर, मोजून बघ. मला त्याचा गॅरेजपेक्षा जास्त अभिमान आहे.

जेवत जा.

जगन्नाथमामा


५ मार्च २००६

मामा,

मोजून बघितलं.

तुम्ही सांगितलंत तशी सेक्रेटरीच्या टेबलापाशी दोन आठवडे बसले. कपाटात १९८५पासूनचे फॉर्म आहेत. सगळे मिळून दोनशे बारा. एकशे चाळीस फॉर्मांवर आपली आडनावं किंवा आपल्यासारखी. बाकीचे जवळजवळ सगळे गोरे. काळ्या घरांतले दोन. एकवीस वर्षांत दोन, मामा, आणि शाळेत दर तिसरं मूल काळं आहे.

लोरेटा हॉपकिन्स म्हणून एक बाई आहेत. याच शाळेची सहा नंबरची बस चालवतात. त्यांची टियाना एकोणिसांतली एक, मार्क चौऱ्याण्णव. शिफारस का नाही? शिक्षकांचा शेरा : "उलट प्रश्न विचारते." मी लोरेटांना फॉर्मबद्दल विचारलं. "कुठला फॉर्म?" म्हणाल्या. चार वेळा शाळेत येऊन गेल्या आहेत त्या. चारही वेळा सेक्रेटरीने "काय हवंय?" विचारलं आणि शिक्षकांची वेळ घेऊन या म्हणून सांगितलं. चौथ्या वेळी मी तिथेच होते. त्याच सकाळी आपल्या एक ताई आल्या, त्यांना बसायला खुर्ची आणि न मागता फॉर्म. दोन्ही मी शब्दाला शब्द लिहिलं आणि मिसेस डॉब्सनपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मी शेजारच्याच खोलीत होते," म्हणाल्या. आणि मग, "शिफारस बंद. फॉर्मही बंद. मार्क असतील तो वर्गात." असं ठरवणाऱ्या मुख्याध्यापिका मी आजवर पाहिल्या नव्हत्या.

आता एक लिहिते, रागावायचं तर रागवा. कपाटातला सगळ्यात जुना फॉर्म राजसदादाचा आहे. त्यावर मार्क लिहिलेत, एकाहत्तर. तुम्ही ते कधी सांगितलं नव्हतं.

चैत्राली


१४ मार्च २००६

चैत्राली,

राजसचे मार्क काढायचं कारण नव्हतं.

मी कुणाचं चोरलं नाही. कायद्यातला फॉर्म होता, मी मागितला. त्यांना कुणी अडवलं होतं मागायला? आम्ही या देशात आलो तेव्हा आम्हाला कोण सांगत होतं? मी कान उघडे ठेवले, त्यांनीही ठेवायचे. त्यांची तर भाषाही हीच.

मंडळातल्या दाबक्यांच्या गुरुनाथचा फोन आला होता. त्याची धाकटी सहावीत आहे. सगळे घाबरलेत. वर्गात मुलं वाढली की शिकवण्याची पातळी जाते म्हणतात. मी त्याला काय सांगायचं ते सांगितलं.

तू जपून. तुझा व्हिसा त्या संस्थेच्या नावावर आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला. आपण इथे पाहुणे. घरच्यांच्या भांडणात पाहुण्याने पानावर वाढलेलं खावं आणि उठावं.

मामा


२ एप्रिल २००६

मामा,

गुरुनाथ दाबक्यांना तुम्ही काय सांगितलंत ते परवा त्यांनीच मला सांगितलं. कौतुकाने. शाळेच्या दारात एकशे चौसष्ट सह्यांचा अर्ज हातात नाचवत म्हणाले, "तुमच्या मामांनीच मुद्दे काढून दिले फोनवर! म्हातारा काय डोक्याचा आहे!"

मुद्दे छान आहेत. "मेहनतीची शिक्षा नको." "पालकांचा हक्क काढून घेऊ नका." काळ्या मुलांचं नावसुद्धा नाही कुठे. तोंडी मात्र दाबके मला म्हणाले, "आपल्यात म्हणून बोलतो, त्यांची मुलं आली की वर्गाची लेव्हल जाते." चौऱ्याण्णववाली आली की जाते, आणि एकाहत्तरवाला आला की जात नाही.

२५ एप्रिलला शाळा मंडळाची जाहीर सभा आहे. मंडळाने मिसेस डॉब्सनना सांगितलंय, तोवर निर्णय मागे घ्या, नाहीतर लवकर निवृत्त व्हायचा विचार करा. त्यांनी मागे घेतला नाही. माझ्या बॉसने मला सभेत तोंड उघडायला मनाई केली आहे. कोच बोलत नसतो म्हणे. मी आकडे घेऊन बोलणार आहे.

तुम्ही मला पाहुणी म्हणालात. अठ्ठावीस वर्षं त्या गावात टॅक्स भरून तुम्ही अजून पाहुणे असाल तर तुमची मर्जी. मी हात धुऊन उठणार नाही.

उत्तर नाही लिहिलंत तरी चालेल.

चैत्राली


९ एप्रिल २००६

चैतू,

लिहितो. हे पत्र पाच वेळा फाडलं, हे सहावं.

तुझं पत्र जेवताना टेबलावर वाचून दाखवलं. मला वाटलं राजस माझी बाजू घेईल. तो ताटातच बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, एकाहत्तर मला माहीत होते. You never asked how I passed after that."

मी म्हटलं, कसा झालास?

म्हणाला, "मार्कसने शिकवलं. रोज. आपल्याच किचनमध्ये."

मार्कस टेट. काळ्या घरातला तो पोरगा मला आठवतो. मामीची थालीपिठं चार चार खायचा. मला वाटायचं खेळायला येतो. त्याचे मार्क अठ्ठ्याऐंशी होते, पण शिफारस नाही म्हणून तो खालच्या वर्गात होता. तिथल्या पोराने वरच्या वर्गातल्या माझ्या पोराला अल्जिब्रा शिकवला, पुस्तक राजसचं वापरून, कारण त्याला ते पुस्तक मिळालंच नव्हतं.

त्याचा बाप विल्बर. तुला त्याच्याबद्दल कधी सांगितलं नाही. तो माझ्याकडे अकरा वर्षं कामाला होता. कामाला म्हणतो, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायला मला त्याने शिकवलं. मी साताऱ्याहून ट्रक शिकून आलो होतो. डॉक्टर ते फॉर्मचं बोलला तेव्हा शेजारच्या गाडीखाली विल्बर होता, पण त्याच्या हातात मशीन चालू होतं, त्याला ऐकू आलं नसणार. मी ऐकलं. मी मंडळातल्या शंभर घरांना सांगितलं. ज्यांची मला नावं माहीत नव्हती त्यांनाही फॉर्म गेला. आणि शेजारच्या गाडीखालच्या माणसाला, ज्याच्या डब्यातलं मी खात होतो, त्याला नाही सांगितलं.

लपवलं असतं तर बरं होतं. माणूस लपवतो तेव्हा निदान त्याच्या मनात असतं. मला सुचलंच नाही. "आपले लोक" म्हटल्यावर तो डोळ्यांपुढे आलाच नाही.

आता गुरुनाथला शहाणपणाचे मुद्दे देऊन बसलोय. ते परत घ्यायला मला फोन पुरणार नाही. राजसने पंचवीस तारखेची रजा टाकली आहे. तो गाडी चालवेल. तू मला भेटायची सक्ती नाही.

मामा


३० एप्रिल २००६

मामा,

सभेनंतर पार्किंगमध्ये दोन मिनिटं भेटलो, त्यात राजसदादा किल्ली वाजवत होता कारण सकाळी त्याला ऑफिस गाठायचं होतं. फोनवर विचारलं तर म्हणता, लिहून पाठवतो, नीट सांगायचंय. मग पाठवा!

माझं एवढंच. दोनशे बारा, एकशे चाळीस, दोन, एकोणीस : चार आकडे सांगितले, तीन मिनिटंही लागली नाहीत. खाली बसायच्या आधी बॉसने दंडाला धरून बाहेर काढलं आणि सभा संपेपर्यंत एका खोलीत बसवून ठेवलं. मला भिंतीतून फक्त गलका ऐकू येत होता, आणि एकदा प्रचंड हशा. लोरेटांना विचारलं तर त्यांना सांगताना पुन्हा हसू येतं, आणि मग त्या डोळे पुसतात. काय केलंत तुम्ही?

चैत्राली


६ मे २००६

चैतू,

माझं नाव पुकारलं तेव्हा आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथने पुढे होऊन माझी खुर्ची सरकवली. त्यांना वाटलं, सेनापती आले.

मी म्हटलं, माझं नाव जगन्नाथ, इथल्या निम्म्या लोकांच्या गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत आणि उरलेल्यांच्या करायला हव्या होत्या. माझ्या मुलाला एकाहत्तर मार्क होते. एका कागदाच्या जोरावर मी त्याला वर चढवला. अर्जात लिहिलंय की ही मेहनतीची जागा आहे. तो मुद्दा मीच फोनवर सांगितला होता, आणि तो खोटा आहे. ती कानोकानी कळण्याची जागा आहे. माझ्या कानावर आलं, मी आमच्यात वाटलं.

झालं! मागून आपल्या भाषेत सुरू झालं. शाळा मंडळाचे सातही सभासद गोरे, त्यांना काही कळेना. मग मी भाषांतर करायला लागलो.

आपल्या मंडळातली मालिनी ओरडली, "काका, घरचं घरात ठेवा!" मी माइकवर सांगितलं, "The lady says, keep family matters in the family." कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला कुणी बोलावलं?" तेही सांगितलं. गुरुनाथ दात खाऊन म्हणाला, "याची भाची त्या काळ्यांना वर चढवणार आणि आपली पोरं बसणार." मी जसंच्या तसं इंग्रजीत म्हटलं, एक शब्द गाळला नाही. गुरुनाथचा चेहरा बघून मागच्या रांगेतल्या लोरेटाला हसू फुटलं, आणि मग सगळी मागची बाजू हसायला लागली. तो तू ऐकलास तो हशा.

पण त्यानंतरचं हसण्यासारखं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी विल्बर उभा होता. राजसने मार्कसला फोन केला होता, मला न सांगता. विल्बर आता काठी घेऊन चालतो. मी शेजारच्या गाडीखालच्या माणसाचं सांगितलं तेव्हा तो तिथूनच जुन्या हाकेने म्हणाला, "तुला रस्त्यापलीकडच्या गाडीचं खराब बेअरिंग ऐकू यायचं, जग." बास, एवढंच. माफ केलं म्हणाला नाही. मीही माफी मागितली नाही. चारचौघांत मागितली की समोरच्याला द्यावीच लागते. मार्कस डेलावेअरला ट्रक चालवतो, त्याला दोन मुली आहेत, हे विल्बरने बाहेर आल्यावर सांगितलं आणि काठी टेकत निघून गेला.

निकाल तुला माहीत आहे. चार विरुद्ध तीन. एक वर्ष अभ्यास समिती, तोवर शिफारशीची जुनी पद्धत चालू. एकोणीस जणं होती तिथेच. मी हरलो असं वाटून पार्किंगमध्ये उभा होतो. लोरेटा समोर आली. म्हणाली, "जुनी पद्धत चालू म्हणजे फॉर्मही चालू ना?"

चैतू, मी सगळं आयुष्य स्वतःला हुशार समजत आलो. मला ते सुचलं नव्हतं.

सभेत दाखवायला आणलेली फॉर्मची कॉपी तिने माझ्या हातातून घेतली.

मामा


११ जून २००६

मामा,

सहा नंबरच्या बसने तीन दिवस जे केलं ते आमच्या संस्थेने तीन वर्षांत केलं नव्हतं.

लोरेटा प्रत्येक थांब्यावर पोराला आत घेण्याआधी दारातल्या आईला फॉर्म देत होत्या. "आज सही कर, उद्या मला दे." रविवारी चर्चमध्ये, प्रार्थना सुटल्यावर पायऱ्यांवर. एल साल्वादोरच्या दोन घरांत मी स्वतः गेले, शेजारच्या मुलीला भाषांतराला घेऊन. कोचने पालकांच्या घरी जायचं नसतं. गेले.

एकतीस मेला सकाळी ऑफिसपुढे रांग. सेक्रेटरी सवयीने "काय हवंय?" म्हणाली. पहिल्या बाई म्हणाल्या, "फॉर्म द्यायचाय. आणि खुर्ची." एक्केचाळीस फॉर्म आले, मामा! एकोणिसांचे एकोणीस आणि वर बावीस. मिसेस डॉब्सनना आत नेऊन सह्या करायला सांगितलं कुणीतरी. त्या बाहेर आल्या, काउंटरवर सगळ्यांसमोर एक्केचाळीस सह्या केल्या. अल्जिब्राचा तिसरा वर्ग उघडावा लागणार आहे. दाबके तक्रार घेऊन आले होते. त्यांना कुठलं कलम दाखवावं तेच सापडेना. पालकांचा हक्क काढू नका, हे त्यांच्याच अर्जात लिहिलेलं.

माझं : बॉसने एक कागद पुढे ठेवला. मी मर्यादा ओलांडली, याचा खेद आहे, खाली सही. केली तर नोकरी राहते. मी केली नाही. पेन त्यांनाच परत दिलं. नंतर गावोगाव फोन केले. इथून तासाभरावरच्या एका कम्युनिटी कॉलेजला संख्याशास्त्र शिकवायला माणूस हवाय, व्हिसा बदलून घेऊ म्हणालेत. पगार कमी आहे. आईला तुम्ही सांगा.

चैत्राली


१७ सप्टेंबर २००६, हर्नडन

चैतू,

सरलाला सांगितलं. ती म्हणाली, नोकरी सोडायची खोड मामाकडूनच आली. मी म्हटलं, आली असेल तर बरंच झालं.

तिकडे आपल्या मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. जाऊ नका म्हणून मामीने खूप सांगितलं. ज्येष्ठ सभासदांच्या यादीतून माझं नाव काढलंय. आरतीला माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. मी मोकळ्या जागेत पाय पसरून बसलो आणि मोदक पाच खाल्ले. गुरुनाथ जवळ येऊन म्हणाला, "काका, एकदा चुकलं म्हणा, सगळे विसरतील." मी म्हटलं, "गुरुनाथ, चुकलं हे मी माइकवर सांगितलंय. तुला ऐकायचं ते वेगळं आहे, ते मिळणार नाही." त्याची बायको नीलांबरी माझ्या पानात मुकाट्याने सहावा मोदक वाढून गेली. त्या घरातसुद्धा सगळे एका बाजूला नाहीत.

काल लोरेटाचा फोन आला होता. तुला शाळेत जायला बंदी, म्हणून तिला वाटलं मामाला तरी सांगावं. पहिली चाचणी झाली. टियानाला बासष्ट मिळाले. चौऱ्याण्णववाली पोरगी, आणि बासष्ट! शिक्षकाने वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. तोच, शेरा लिहिणारा. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "जड जात असेल तर लाज वाटून घेऊ नकोस. खालच्या वर्गात तुझ्यासाठी जागा ठेवली आहे."

टियानाने चाचणीचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. चुकलेल्या पाचव्या गणितावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ती जागा कुणाला हवी असेल त्याला द्या. मला हे समजावून सांगा, मी इथे उभी आहे."

लोरेटा सांगत होती, बस वीस मिनिटं उशिरा सुटली. पोरगी वर्गात असेपर्यंत तिने बसचं दार लावलंच नाही.

मामा